'ब्रिक लेन' : मोडणारा संसार आणि आपण वाचक

कादंबरीत एखादा संसार मोडू लागला, की वाचक आरोपी शोधू लागतो. नवरा वाईट की बायको वाईट, मध्ये तिसरा कोण आला, आईबापांनी स्थळ नीट पाहिले नव्हते काय, असे प्रश्न पानोपानी उभे राहतात आणि पुस्तक मिटताना निकाल तयार असतो. मोहल्ल्यातल्या मोडलेल्या लग्नाबद्दल ओट्यावर बसून आपण जसे बोलतो, तसेच पुस्तकातल्या लग्नाबद्दलही बोलतो. यात गैर काही नाही. माणसे जिवंत वाटली तरच त्यांच्यावर रागावता येते. परंतु तो संसार परदेशी गेलेल्या घरातला असला आणि ते घर मुसलमानाचे असले, तर मामला एवढ्यावर थांबत नाही. नवरा-बायकोच्या जोडीला तिसरा पक्षकार हजर होतो, तो म्हणजे समाज. 'हिने आमची बदनामी केली' असे तो म्हणतो, आणि मग मूळचा संसार बाजूलाच राहतो.

मोनिका अली यांच्या 'ब्रिक लेन' या इंग्रजी कादंबरीच्या वाट्याला नेमके हेच आले. २००३ साली ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत गेली. लेखिकेचा जन्म १९६७ चा, ढाक्याचा. वडील बंगाली, आई इंग्रज. १९७१ च्या युद्धाच्या काळात ती लहानपणीच इंग्लंडला गेली. २००७ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यात नाझनीनचे काम तनिष्ठा चॅटर्जी यांनी आणि तिच्या नवऱ्याचे, चानूचे काम सतीश कौशिक यांनी केले. पुस्तकाला आता वीस वर्षे उलटून गेली. तरीही ते आपण मराठी मुसलमानांनी वाचावे, आणि त्यावर लोक काय बोलले तेही वाचावे, असे आम्हांला वाटते. त्यामागचे कारण या लेखात सांगायचे आहे.

संसार कसा आहे?

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. नाझनीनचा जन्म मैमनसिंग जिल्ह्यातल्या एका खेड्यात, १९६७ साली होतो. बाळ जन्मताच मेल्यासारखे पडलेले असते. शहरातल्या दवाखान्यात नेण्यापेक्षा आई ते तकदीरवर सोडते. मूल जगते. 'तुला तकदीरवर सोडले आणि तू जगलीस' ही गोष्ट ऐकतच नाझनीन मोठी होते. अठराव्या वर्षी बाप तिचा निकाह लंडनमध्ये राहणाऱ्या चाळिशीच्या चानूशी लावून देतो. १९८५ साली ती लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातल्या एका सरकारी इमारतीत येते. इंग्रजीचे दोनच शब्द तिला येतात, 'सॉरी' आणि 'थँक यू'. धाकटी बहीण हसीना प्रेमविवाह करून पळून गेलेली असते. तिची पत्रे येत राहतात, आणि प्रत्येक पत्रात ती आणखी थोडी खचलेली असते.

चानू ढाका विद्यापीठाचा इंग्रजी साहित्याचा पदवीधर आहे. बढतीची वाट पाहणे हाच त्याचा धंदा. तऱ्हेतऱ्हेच्या कोर्सची सर्टिफिकिटे, अगदी सायकल चालवण्याच्या सर्टिफिकिटापर्यंत, त्याने जपून ठेवली आहेत. बढती मिळत नाही, नोकरी सुटते, शेवटी तो टॅक्सी चालवतो. पहिला मुलगा रकीब तान्हेपणीच दगावतो. पुढे शहाना आणि बीबी या दोन मुली होतात. घरात शिलाई मशीन येते आणि नाझनीन नगावर कपडे शिवू लागते. माल आणून देणारा करीम हा तिथेच जन्मलेला तरुण. त्याच्याशी तिचे संबंध जुळतात. तिकडे २००१ चा सप्टेंबर येतो, मुसलमानांकडे बघायच्या नजरा बदलतात. चानूला आता एकच ध्यास लागतो, ढाक्याला परत जायचे. शेवटी चानू एकटाच जातो. नाझनीन मुलींसह लंडनला राहते, आणि करीमशीही लग्न करत नाही.

वाचकांचे निवाडे

आम्ही सापगावला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सहकाऱ्यांत आणि नात्यातल्या बायकांत ही कथा आम्ही बऱ्याचदा सांगितली. काहींनी चित्रपट पाहिला, एकदोघांनी पुस्तकही वाचले. प्रतिक्रिया ऐकण्यासारख्या होत्या. पुरुषांपैकी बहुतेकांचे म्हणणे एकच पडले, 'मुसलमान बाईचे असेच दाखवायचे, म्हणजे इनाम मिळते.' वयस्कर बायका म्हणाल्या, 'मारत नव्हता, पीत नव्हता, घरी पगार आणत होता. मग बाई, तुला आणखी काय पाहिजे होते?' तरुण शिक्षिकांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, 'करीमशी निकाह का नाही केला? निदान गुनाह तरी धुतला गेला असता.' आणि एका बाईने, जिचा नवरा बरीच वर्षे आखातात आहे, एवढेच विचारले, 'तो ढाक्याला गेल्यावर घरभाडे कोण भरत होते?'

हा शेवटचा प्रश्न आम्हांला सगळ्यांत जास्त समीक्षकाचा वाटतो. त्याकडे पुढे येऊच.

आधी लंडनमध्ये काय झाले ते पाहू. २००३ मध्येच तिथल्या ग्रेटर सिलहट वेलफेअर अँड डेव्हलपमेंट कौन्सिल या संघटनेने १८ पानांचे निषेधाचे पत्र लिहिले. लंडनचे बहुतेक बांगलादेशी सिलहट भागातले. त्यांना कादंबरीत अडाणी, मागासलेले, गावंढळ दाखवले आहे, अशी तक्रार होती. २००६ च्या जुलैमध्ये चित्रपटाचे चित्रीकरण ब्रिक लेनवर होणार म्हटल्यावर मोर्चा निघाला. मोर्चात शे-सव्वाशे लोक होते, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. पुस्तक जाळण्याच्याही गोष्टी झाल्या, पण जाळले गेले नाही. चित्रीकरण मात्र दुसरीकडे हलवावे लागले. जर्मेन ग्रीअर या नामवंत स्त्रीवादी लेखिकेने रहिवाशांची बाजू घेतली आणि सलमान रश्दींनी त्यासाठी तिच्यावर कडक शब्दांत टीका केली. पुढच्या वर्षी मोनिका अलींनी स्वतः एक लेख लिहिला. संताप हा आता बाजारात खपणारा माल झाला आहे आणि वर्तमानपत्रेही त्याचे गिऱ्हाईक आहेत, असा त्याचा आशय होता.

मोर्चेकऱ्यांना हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. ज्या समाजाबद्दल लिहिणारे हात मोजके असतात, त्याच्याबद्दल एक पुस्तक गाजले की तेच त्याचे ओळखपत्र होऊन बसते. त्यात कादंबरीला नाव दिले ते खऱ्या रस्त्याचे. त्या रस्त्याचा इतिहासही लहान नाही. ब्रिक लेनच्या कोपऱ्यावरची मशीद १७४३ साली फ्रान्सहून पळून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांनी चर्च म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून तिथे नमाज होते. तिन्ही धर्मांच्या उपऱ्यांनी एकाच छपराखाली सजदे केले. अशा रस्त्याला आपले नाव मोठे कष्टाने मिळालेले असते. ते कोणी परस्पर उचलले तर राग येणारच. मराठी कथा-चित्रपटांत मुसलमान म्हणजे खाटीक, गुंड नाहीतर लाचार चाचा, हे आपण पुरेसे पाहिले आहे. तेव्हा जखम कुठली, ते आपल्याला समजावून सांगायला नको.

पण जखम समजली म्हणून वाचन बरोबर ठरत नाही. सिलहटी लोकांबद्दलचे जे शब्द वाचकांना बोचले, त्यांतले बरेचसे चानूच्या तोंडचे आहेत. लेखिकेने ते एका पात्राला दिले आहेत आणि त्या पात्राची फजितीही पदोपदी दाखवली आहे. चानू सिलहटचा नाही. आपण शिकलेले, ते अडाणी खलाशांचे वंशज, या एका समजुतीवर त्याची सगळी अब्रू उभी आहे. गोऱ्या साहेबाने बढती नाकारली, की त्याला आपल्याच माणसांपैकी कोणीतरी खालचा लागतो. शिकून हरलेला माणूस आपल्याच बिरादरीला तुच्छ लेखू लागतो, हा आजार लंडनचाच आहे असे कोण म्हणेल? आपल्यातही 'आम्ही उर्दूवाले' आणि 'ते गाववाले, कोकणी बोलणारे' ही भाषा ऐकू येतेच की. चानूच्या बोलण्यात समाजाची बदनामी पाहणाऱ्या वाचकाला चानूचे दुखणे दिसले नाही. संसार कशाने मोडला, याचे अर्धे उत्तर त्या दुखण्यातच होते.

त्याच २००३ साली झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' ही कादंबरी आली. तीही परदेशी गेलेल्या बंगाली घराची, त्यातही मोडणारे लग्न आहे, त्यातही बायकोचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध आहेत. गोगोल आणि मौशुमी ही अमेरिकेत वाढलेली, शिकलेली, एकमेकांना पसंत करून लग्न केलेली जोडी. तिथे वाचक मौशुमीवर रागावले, कोणी गोगोलला दोष दिला, पण त्यापायी रस्त्यावर मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. फरक कुठे आहे? प्राध्यापक-इंजिनिअरांच्या घरातले लग्न मोडले तर ते दोघांचे मोडते. गरीब आणि संशयाने पाहिल्या जाणाऱ्या वस्तीतले मोडले तर वस्तीचे मोडते. मौशुमीला निदान वाईट बायको होण्याची मुभा होती. नाझनीनला तीही नाही. तिने मुसलमान बाईच व्हायचे, आणि तेही नमुन्याची.

चानू कुठे चुकला?

वयस्कर बायकांचा प्रश्न आता घेऊ. मारत नव्हता, पीत नव्हता, हे खरेच आहे. एवढेच नव्हे, कादंबरीतला सगळ्यांत हळवा भाग चानूचाच आहे. रकीब इस्पितळात असताना तो घरून स्वयंपाक करून डबे आणतो. बडबड्या, पोट सुटलेला, स्वतःवरच खूष असलेला हा माणूस आपल्या हाताने जेवण वाढतो, तेव्हा नाझनीनला त्याच्याबद्दल प्रथमच माया वाटते. पुढे ती मनाने खचून अंथरुणाला खिळते, तेव्हाही तिची सेवा तोच करतो. लेखिकेने चानूला खलनायक केले असते तर पुस्तक सोपे झाले असते, आणि लवकर विसरलेही गेले असते.

चूक आहे ती दुसरीकडे. निकाहानंतर टेलिफोनवर कोणाशी बोलताना चानू बायकोचे वर्णन करतो. फार सुंदर नाही, कुरूपही नाही, पण गावाकडची, न बिघडलेली मुलगी आहे, असा त्याचा सूर असतो. दाराआड उभी राहून ती ते ऐकते. तिला इंग्रजी शिकायचे असते, तर तो म्हणतो, येईल आपोआप, घाई काय आहे. ज्या माणसाचे सारे आयुष्य इंग्रजी पुस्तकांवर उभे आहे, त्याला बायकोच्या इंग्रजीची गरज वाटत नाही. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून कदाचित आम्हांला हे वाक्य करीमच्या प्रकरणापेक्षा मोठे वाटते. मैत्रीण रझिया वर्गाला जाऊ लागते, बोलू लागते, चालती होते. नाझनीन घरात त्याच्या पायाची कुरुपे कापते, नाकातले केस काढते आणि रात्री सगळे झोपल्यावर फ्रिजपाशी उभी राहून एकटीच जेवते. तिचे बंडही घराच्या मापाचे आहे. डब्यात जास्त मिरची, खणात न धुतलेले मोजे, कुरुपे कापताना मुद्दाम जरासा निसटलेला वस्तरा. हे वाचून आमच्या ओळखीच्या बायका हसल्या. हसण्यातच कबुली होती.

कुरआनाने नवरा-बायकोला एकमेकांच्या वस्त्राची उपमा दिली आहे. वस्त्र झाकते, ऊब देते, आणि ते दोन्ही बाजूंनी असावे लागते. या घरात नाझनीन दिवसभर परक्यांची वस्त्रे शिवते. तिच्या अंगावर मात्र या नात्याचे वस्त्र अर्धेच आहे. नवरा वाईट नाही, त्याने तिला पाहिलेच नाही. अशा घरात भांडण होत नाही, म्हणून आपण त्या संसाराला सुखी म्हणतो. तो मोडला की आपल्याला धक्का बसतो. खरे तर तो मोडायला सुरुवात झालेली असते ती 'येईल आपोआप' या शब्दांपासून.

आणखी एक गोष्ट तनकीद करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असे वाटते. नवरा-बायकोत बिघाडाची भीती असेल तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमावा, अशी सूरह निसाची शिकवण आहे. नाझनीनच्या बाजूचा मध्यस्थ कोण? आई गेली, बाप मैमनसिंगला, बहीण स्वतःच बेघर. चानूच्या बाजूचा कोण? वस्तीत वडीलधारी म्हणून वावरतात त्या मिसेस इस्लाम. त्या तर सावकार आहेत. चानूने शिलाई मशीन आणि कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षे वसूल करतात. एके दिवशी नाझनीन त्यांच्यासमोर कुरआन ठेवते आणि आपण व्याज घेत नाही अशी शपथ घ्यायला सांगते. मिसेस इस्लामचा हात पुढे होत नाही. परदेशी माणूस नुसता गाव सोडत नाही, तो आपले मध्यस्थही मागे सोडून जातो. त्यांच्या रिकाम्या जागी सावकार बसतो, नाहीतर कुजबुजणारा शेजार. धर्माची टिंगल करणारी कादंबरी म्हणून ज्यांनी तिला नावे ठेवली, त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. बेइमानाला उघडे पाडण्यासाठी नाझनीनला कुरआनाचाच आधार घ्यावासा वाटतो.

करीमशी निकाह का नाही?

तरुण शिक्षिकांच्या रागाचे उत्तरही पुस्तकातच आहे. नाझनीनचे वागणे गुनाह आहे, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. ते तीच स्वतःला सांगते आणि त्या ओझ्याखाली आजारी पडते. पण करीमचा विचार करा. तो इंग्रजी सफाईने बोलतो आणि बंगालीत अडखळतो. मूळ हरवलेल्या या तरुणाला नाझनीनमध्ये अस्सल गाव दिसते, बिघडलेल्या मुलींहून वेगळी, खरी बंगाली बाई दिसते. वाचकाने इथे थांबावे. चानूने टेलिफोनवर तरी वेगळे काय म्हटले होते? एकाने स्थळ म्हणून पसंत केली, दुसऱ्याने प्रेम म्हणून. दोघांनी पसंत केली ती गोष्ट एकच, न बदललेली गावाकडची मुलगी. आणि नाझनीन तर पंधरा-सोळा वर्षांत बदलून गेली होती. तिने करीमला नाकारले ते पश्चात्तापाने, असे काही म्हणतात. पश्चात्ताप आहेच. पण आपणही करीमला स्वतःच्या गरजेच्या तुकड्यांतून जोडजोडून शिवला, हेही तिला कळून चुकलेले असते.

'प्रेमविवाह वाईट, ठरवलेला चांगला' किंवा याच्या उलट, असा धडा शोधणाऱ्याची या पुस्तकात निराशा होते. डॉक्टर आझाद यांचा प्रेमविवाह आहे आणि त्यांच्या बंगल्यात नवरा-बायको एकमेकांना सोसत नाहीत. हसीना प्रेम करून पळाली आणि मार खाऊन तिथून निसटली. गावात वाट पाहत, सब्र करत राहिलेल्या आईची गोष्ट तर सगळ्यांत भयंकर आहे. तिने आत्महत्या केली होती, हे मुलीला फार उशिरा कळते. तकदीरवर सोडण्याचे धडे देणारी आईच तकदीरशी झगडून हरली होती. सब्र आणि लाचारी यांत फरक आहे. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, असे शिकवणारा आपला दीन आहे. नाझनीन शेवटी करते ते एवढेच. ती उंट बांधते.

घरभाडे कोण भरत होते?

आता त्या आखातवाल्याच्या बायकोचा प्रश्न. उत्तर सरळ आहे. नाझनीन भरत होती, शिवणकामावर. नायला कबीर या अभ्यासक बाईंचे २००० साली आलेले पुस्तक मोनिका अलींना उपयोगी पडले, त्यांचे आभार कादंबरीत मानलेले आहेत. त्या अभ्यासातली उलटी गंमत अशी की, ढाक्यातल्या मुली पडद्याची रीत असूनही कारखान्यात जाऊ लागल्या, आणि पुढारलेल्या लंडनमधल्या बंगाली बायका मात्र घरात बसून नगावर शिवत राहिल्या. कादंबरीतल्या दोन बहिणी म्हणजे ही दोन शहरेच आहेत. शिवणकामाने नाझनीनला आधी करीम दिला, हे सगळ्यांना दिसले. पण त्यानेच तिला स्वतःच्या हाताचा पैसा दिला, आणि अखेर रझिया वगैरे मैत्रिणींसोबत धंदाही. हे निवाडा देणाऱ्यांना दिसले नाही. ज्या बाईला भाड्याची चिंता ठाऊक होती, तिने तेच आधी विचारले.

म्हणून शेवटचा प्रसंग आम्हांला मोलाचा वाटतो. विमानाच्या आदल्या रात्री शहाना पळून जाते. पेटलेल्या रस्त्यातून नाझनीन तिला शोधून आणते. मग नवरा-बायको समोरासमोर येतात. तिला जाता येत नाही, त्याला राहता येत नाही. दोघे रडतात. आरोप नाही, तलाक नाही, खुला नाही. तो जातो, आणि ढाक्याहून फोन करत राहतो. चानूला बायकोचे प्रकरण कळले होते की नाही, हेही लेखिका स्पष्ट करत नाही. कळूनही त्याने तोंडातून शब्द काढला नसेल, तर या बडबड्या माणसाची ती सर्वांत मोठी खामोशी म्हणावी लागेल. आरोपी शोधणाऱ्या वाचकाच्या हाती इथे काहीच लागत नाही. कादंबरीचे यश आम्ही त्यातच मानतो.

दोष काढायचा तर तोही आहे. हसीनाची पत्रे मोडक्या-तोडक्या भाषेत लिहिली आहेत. ती बहिणीला आपल्या मातृभाषेत लिहिते आहे, मग भाषा तुटकी का? मायबोलीत लिहिणारी कमी शिकलेली बाई अशुद्ध लिहील, पण परक्यासारखी लिहिणार नाही. पोराच्या वहीतल्या चुका रोज पाहणाऱ्या शिक्षकाला हे चटकन खटकते. सिलहटी वाचकांनी १८ पानांत बोट ठेवायला हवे होते ते अशा जागी.

आपल्याकडचे वाचन

मोडत्या संसाराचे वाचन आपल्याला कोणी शिकवले? उर्दू वाचणाऱ्यांपुरते बोलायचे तर डिप्टी नझीर अहमद यांनी. १८६९ सालचे त्यांचे 'मिरातुल उरूस' त्यांनी स्वतःच्या मुलींसाठी लिहिले. सरकारने त्याला इनाम दिले. अकबरी आणि असगरी या दोघी बहिणी, दोन भावांना दिलेल्या. अकबरी फुहड, घर बुडवणारी. असगरी सलीकेदार, घर तारणारी, मुलींचा मकतब चालवणारी. त्या काळात मुलींच्या शिक्षणासाठी या पुस्तकाने फार केले, हे मान्यच आहे. पण तेव्हापासून आपल्या वाचनात एक मोजपट्टी पक्की झाली. संसार टिकला तर बाई असगरी, मोडला तर अकबरी. नवऱ्याची इयत्ता तपासायचीच नाही. इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ'वर खटला भरला गेला तोही असाच. १९४२ च्या त्या कथेत नवाबाने बेगमेला लग्न करून आणून घरातल्या सामानासारखे ठेवून दिले आहे. लाहोरच्या कोर्टात चर्चा झाली ती अश्लीलतेची. त्या लग्नाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. मराठीतही १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा बायका काय सोसतात यापेक्षा 'विभावरी शिरूरकर' हे नाव घेऊन लिहिणारी बाई कोण, याचीच शोधाशोध जास्त झाली.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. परदेश आपल्याला नवा नाही. सिलहटचे लोक जहाजावर खलाशी होऊन लंडनला पोचले, तसे कोकणातले मुसलमानही जहाजांवर गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला रत्नागिरी-कुलाब्याकडच्या कोकणी मुसलमानांची वस्ती झाली. १९७० नंतर तेलाच्या पैशाने कुवेत, सौदी, कतारचा रस्ता खुला केला. भिवंडी-पडघ्यापासून खाली रायगड-रत्नागिरीपर्यंत पत्र्याच्या जागी स्लॅब पडले ते त्या रियालांवर. मात्र लंडन आणि आखात यांत एक मोठा फरक आहे. लंडनला बायको सोबत गेली. आखातात कुटुंबाचा व्हिसा ठराविक पगाराशिवाय मिळत नाही, म्हणून बहुतेकांची बायको गावीच राहिली. तिथे तो आठजणांच्या खोलीत, इथे ती सासू-सासऱ्यांच्या घरात. संसार आधी पत्रांवर आणि टेपच्या कॅसेटवर चालला, मग फोनवर, आता व्हॉट्सॲपवर. दोन वर्षांनी महिना-दोन महिन्यांची रजा. हिशेब केला तर वीस वर्षांच्या लग्नात दोघे एका छपराखाली दहा ते वीस महिनेच राहिलेले असतात. तो कायमचा परत येतो तेव्हा घरातल्या चमच्याची जागाही त्याला ठाऊक नसते. चानू परत जाताना संसार मोडला. आपल्याकडे कित्येकदा तो माणूस परत आल्यावर डगमगतो. तलाक होत नाही, खुला होत नाही, बाहेर कोणाला कळतही नाही. तो ओट्यावर झोपतो, ती आत.

या संसाराची मोठी कादंबरी मराठीत यायला हवी, आणि ती लिहिण्याची ताकद आपल्या पोरींत आहे. आमच्या वर्गातल्या मुली आईचा फोनवरचा आवाज आणि फोन ठेवल्यानंतरचा आवाज, दोन्ही ओळखतात. त्यांतली एखादी उद्या लिहील. ती लिहील तेव्हा भातसेच्या पुलाअलीकडच्या घरांतले काहीतरी उघडे पडेलच. त्या दिवशी आपण काय करणार? 'हिने मोहल्ल्याची इज्जत घालवली' म्हणून तिच्या बापाकडे माणसे पाठवणार, की पुस्तक शेवटपर्यंत वाचून, घरभाडे कोण भरत होते, असे विचारणार?

हमीद दलवाईंनी १९६५ साली 'इंधन' लिहून कोकणातल्या मुसलमान घराचे दार मराठी कादंबरीत उघडले. त्यांच्या इतर मतांशी कोणाचे पटो वा न पटो, त्या दारातून पुढे जायचे काम आपले आहे. लिहिणारे हात वाढले तर एकाच पुस्तकाला सगळ्या समाजाचे ओळखपत्र व्हावे लागणार नाही. नाझनीनसारखीची गोष्ट मग एका बाईची गोष्ट म्हणून वाचता येईल. इज्जत राखायची असेल तर तिचाही हाच रस्ता आहे. लिहिणारीला लिहू द्यावे, आणि निकाल देण्याआधी नवऱ्याचीही इयत्ता तपासावी.